मोठी, धाकटी आणि आमचा शनिवार क्लब

आमच्या इन्व्हेस्टमेंट क्लबचे किस्से मी ठरवून जमवलेले नाहीत. गराजमध्ये रिकामी खोकी साठत जातात ना, तसे ते साठले. उपयोग काही नाही आणि टाकवतही नाहीत. पार्टीत कोणीतरी सहज विचारतं, "काय, मार्केट काय म्हणतंय?" आणि एक खोकं खाली पडतं. ते उचलायला जावं तर मागची चार पडतात!

ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसते. घरी येताना गाडीत श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, एवढंच म्हणतो, "आज परत सांगितलंस?"

परत सांगते. कंपन्यांची नावं मात्र घेत नाही. आम्हीही मीटिंगमध्ये घेत नव्हतो. आमच्यासाठी एक 'मोठी' होती आणि एक 'धाकटी'.

*

क्लब सुरू झाला तो मराठी शाळेमुळे. बेलव्ह्यूच्या लायब्ररीतली एक खोली दर शनिवारी सकाळी दोन तास आम्हाला मिळायची. दामले काकू तिथे मुलांना मराठी शिकवायच्या. आत मुलं "कमळातला क" म्हणायची आणि सुट्टी झाली की बाहेर येऊन "मॉम, कॅन आय हॅव माय ज्यूस?" विचारायची. आई-बाप शेजारच्या खोलीत कॉफी पीत बसायचे.

त्या कॉफीवाल्यांपैकी आम्ही चौघं. दामले काका, म्हणजे काकूंचे यजमान, तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले, विमानाच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. पराग मुंबईचा, एमबीए, ऑफिसात माझा मॅनेजर. हेमंत नागपूरचा, पंधरा माणसांच्या एका छोट्या कंपनीत मोबाइल फोनचं सॉफ्टवेअर लिहायचा. आणि मी, पुण्याची, परागच्या टीममध्ये टेस्टिंग करणारी.

दरमहा प्रत्येकाने थोडे पैसे काढायचे आणि बहुमताने शेअर घ्यायचे, असं ठरलं. पहिल्या मीटिंगचे दोन्ही तास क्लबच्या नावात गेले. काका म्हणाले 'समृद्धी', पराग म्हणाला 'अल्फा'. शेवटी ज्याला कोणाचा विरोध नव्हता ते नाव ठेवलं, 'शनिवार क्लब'.

सेक्रेटरी मला केलं. पराग म्हणाला, "सुजाता, तुझं हँडरायटिंग छान आहे."

मीटिंगच्या नोंदी मी लॅपटॉपवर टाइप करत होते!

*

मोठी म्हणजे कम्प्युटरची चिप बनवणारी कंपनी. तेव्हा तुमच्या टेबलावर कुठलाही कम्प्युटर असो, आत बहुतेक करून तिचीच चिप. दामले काकांकडे तिचे शेअर क्लबच्या कितीतरी आधीपासून होते. डॉट कॉमचा फुगा फुटायच्या अगदी तोंडावर त्यांनी ते चढ्या भावाने घेतले होते. फुगा फुटला, भाव पार तळाला गेला, थोडा वर आला आणि तिथेच घुटमळत राहिला. काका हलले नाहीत. उलट दर बोनसला आणखी घेत राहिले. त्यांच्याच आग्रहाने क्लबचे पैसेही मोठीतच गेले.

"काका, एवढी वर्षं झाली. अजून तुमच्या किमतीलाही आली नाही," हेमंत एकदा म्हणाला.

"अरे, मी लाँग टर्मवाला माणूस आहे," काका म्हणाले. "ज्या कंपनीशिवाय जगाचं टेबल चालत नाही ती घ्यायची आणि गप्प बसायचं. भाव येतो."

तेवढ्यात काकू खडू शोधत आत आल्या. परागने गमतीत विचारलं, "काकू, तुमचं काय मत? लाँग टर्म चांगलं?"

काकूंनी काकांकडे बघितलं. "चाळीस वर्षं धरून बसले आहे," त्या म्हणाल्या. "अजून वाट बघतेय."

आणि खडू घेऊन निघून गेल्या. काकाही हसले. सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

*

त्या वर्षी हेमंत महिनाभर नागपूरला जाऊन आला. आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी म्हणाला, "मला दहा मिनिटं हवीत."

त्याच्या मते मोठी विकायला हवी होती आणि धाकटी घ्यायला हवी होती. धाकटी म्हणजे फक्त फोनच्या चिपा बनवणारी कंपनी. तिचं नाव आमच्यापैकी कोणी ऐकलेलंही नव्हतं. हेमंतने आकडे आणले होते, तक्ते आणले होते. सगळं शुभाने, त्याच्या बायकोने, टाइप करून दिलेलं. शुभा नागपूरला बँकेत होती. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती, म्हणून ती घरी बसून हे करायची, आणि नेटकं करायची.

पण परागच्या चेहऱ्यावरून तक्ते कोणी वाचणार नाही हे हेमंतला कळलं असावं. त्याने कागद खाली ठेवले.

"हे बघा," तो म्हणाला, "आमच्या भाजीवालीकडे फोन आहे. सायकल रिक्षावाल्याकडे फोन आहे. माझ्या आईला ई-मेल म्हणजे काय ते माहीत नाही, पण ती फोनवर मेसेज वाचते. आणि कम्प्युटर? तो आमच्या हॉलमध्ये आहे. मी चार वर्षांपूर्वी घेऊन दिलेला. त्यावर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर आहे, आणि कव्हरवर बाहुली बसवलेली आहे! ज्या वस्तूला कव्हर घालून ठेवतात, तिच्यात पैसे नका ठेवू यार!"

आम्ही इतके हसलो की शेजारच्या खोलीतून काकूंनी भिंत वाजवली.

त्या दिवसाची नोंद अजून माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय : 'हेमंतने क्रोशाबद्दल माहिती दिली. निर्णय पुढे ढकलला.'

*

मग बातमी आली की मोठीने स्वतःचा फोनच्या चिपांचा विभागच विकून टाकला. हेमंत प्रिंटआउट घेऊन आला. इतकं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"हातात आलेली गोष्ट विकून टाकली!" तो म्हणाला. "सगळं जग फोनकडे निघालंय आणि हे लोक दुकान बंद करून टेबलाशी परत बसलेत!"

"कचरा काढला घरातला," काका म्हणाले. "चांगली सवय आहे."

परागने प्रोजेक्टर मागवून ठेवला होता. चाळीस स्लाइड्स! सगळ्या स्लाइड्सचं सार एवढंच, की कम्प्युटरच्या एका चिपेवर जितके पैसे सुटतात त्याचा दहावा हिस्साही फोनच्या चिपेवर सुटत नाही. "हेमंत, यार, इमोशनल होऊ नकोस," तो म्हणाला. "जो माणूस दागिने विकतो तो चणे-फुटाणे कशाला विकेल?"

"कारण दागिने लोक वर्षातून एकदा घेतात," हेमंत म्हणाला. "फुटाणे रोज खातात."

त्यावर परागकडे स्लाइड नव्हती. तो म्हणाला, "व्होट करू."

मोठी ठेवायची, म्हणून काकांनी हात वर केला. परागने केला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

हेमंत बरोबर बोलतोय हे मला कळत होतं. मी टेस्टिंगवाली, चूक कुठे आहे हे शोधण्याचेच मला पैसे मिळतात, आणि त्याच्या तक्त्यात मला चूक सापडली नव्हती. पण त्याच सोमवारी माझी ग्रीन कार्डाची फाइल परागच्या सहीसाठी जाणार होती. हात वर जाईपर्यंत मला वाटत होतं की मी विचार करतेय.

तीन विरुद्ध एक.

बाहेर पार्किंगमध्ये हेमंत माझ्या गाडीजवळ आला. मला वाटलं, आता भांडणार. तो म्हणाला, "सुजाता, तुला तरी पटलं नाही म्हणजे माझ्या मांडणीतच काहीतरी चुकलं असणार. कुठे चुकलं, सांगशील?"

मी म्हटलं, "आकडे थोडे जास्त झाले."

"थँक्स," तो म्हणाला. पुढच्या वेळी खरंच अर्धे आकडे घेऊन आला!

*

पुढच्या वर्षी तो बोटाने चालणारा फोन बाजारात आला. पराग सुट्टी काढून रांगेत उभा राहिला आणि शनिवारी तो फोन घेऊन क्लबात आला. टेबलावर रुमाल पसरून त्यावर ठेवला. आम्ही सगळे भोवती वाकलो. त्याने बोटाने फोटो मोठा करून दाखवला, लहान करून दाखवला. काका म्हणाले, "अरे वा!" मग पराग म्हणाला, "आता हे बघा!" आणि त्याने त्या फोनवर शेअरचा भाव उघडला. मोठीचा.

हेमंतने शांतपणे विचारलं, "या फोनच्या आत मोठीची चिप आहे?"

"नाही."

"मग कोणाची?"

"ते इम्पॉर्टंट नाही," पराग म्हणाला. "स्क्रीन बघ!"

तेवढ्यात शाळा सुटली. परागची ईशा धावत आली, फोन हातात घेतला आणि तिला कोणी काही शिकवायच्या आत तो चालवायला लागली. दोन मिनिटांनी वर बघून म्हणाली, "बाबा, कॅन वी थ्रो अवे द कम्प्युटर?"

हेमंतने फक्त माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं, की हे नोंदीत घे.

पराग म्हणाला, "किड्स आहेत यार!" आणि मी ईशाचं वाक्य लिहिलं नाही.

*

आता असं वाटेल की हेमंतचे दिवस आले. त्याची छोटी कंपनी फोनचंच काम करत होती!

ती बुडाली. कंपनी जुन्या, बटणांच्या फोनसाठी सॉफ्टवेअर लिहायची, आणि ज्या फोन कंपनीचं सगळं काम होतं तिने एका पत्राने ते बंद केलं. पंधरा माणसं एका दुपारी मोकळी झाली. बाकीचे चौदा दुसरी नोकरी निवांत शोधू शकत होते. हेमंतचा व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी नाही तर देशात राहता येत नाही. त्याच्याकडे वेळ नव्हता.

त्याने रात्रंदिवस अर्ज केले. आमच्या कंपनीतही केला. जागा परागच्या टीममध्ये होती. पराग मीटिंगमध्ये आधीच म्हणाला होता, "तुझ्यासाठी करतो यार काहीतरी." इंटरव्ह्यू झाला. आठवड्याने परागने कळवलं की हेमंतचा सगळा अनुभव फोनचा आहे, आणि आम्हाला डेस्कटॉपचा माणूस हवाय.

हेमंतने ते आम्हाला हसत सांगितलं. पण कॉफीचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

नागपूरला परत जायचं ठरल्यावर क्लबातला त्याचा हिस्सा परत द्यायचा होता. नियम परागने लिहिले होते. मध्येच सोडणाऱ्याला त्या दिवशीच्या भावाने पैसे, त्यातून दहा टक्के कपात. दामले काका अस्वस्थ झाले. म्हणाले, "पराग, कपात नको. मुलगा देश सोडून चाललाय."

"काका, रूल इज रूल," पराग म्हणाला. "आज त्याला सोडलं तर उद्या सगळे मागतील."

सगळे म्हणजे आम्ही तिघं!

काका माझ्याकडे बघायला लागले. माझी फाइल अजून मधल्याच टप्प्यावर होती. मी कीबोर्डकडे बघितलं.

"राहू द्या काका," हेमंत म्हणाला आणि सही केली. "दहा टक्के काही जास्त नाहीत. अख्ख्या क्लबात मोठी विकायला मिळालेला मी एकटाच आहे!"

*

ते त्याचं वाक्य खरं ठरायला चार महिने लागले. शरद ऋतूत सगळं मार्केटच कोसळलं. त्यात मोठीही गेली. क्लब कधी बंद केला असा दिवस नाही. आधी परागला शनिवारी कॉल असायला लागले, मग मला.

दामले काकांचं आम्हाला पुढे मॉलमध्ये कळलं. रिटायरमेंटचे जवळजवळ सगळे पैसे त्यांनी मोठीत ठेवले होते. क्लबात ते फक्त बोलायचे त्याबद्दल. आम्हाला वाटायचं, गंमत करतात.

मी रेवाला, माझ्या मुलीला, घेऊन गेले होते. फोनच्या दुकानात काउंटरमागे निळा टी-शर्ट घालून काका उभे होते. छातीवर नावाचा बिल्ला. 'दामले' म्हणायला अवघड म्हणून त्यावर 'डॅम' लिहिलेलं! त्यांना बघून मला मागे वळावंसं वाटलं, पण रेवाने हाक मारली, "आजोबा!"

"ये ये," काका म्हणाले. मग आजूबाजूला बघून आवाज बदलला. "वेलकम! लुकिंग फॉर अ न्यू फोन टुडे?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, कसं चाललंय?"

"उत्तम," ते म्हणाले. "तीन तास झाले, बसलेलो नाही. बसायला देत नाहीत." मग एक फोन उचलून रेवाच्या हातात दिला आणि मला मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "विकला तर मला कमिशन आहे. पण गरज नसेल तर घेऊ नकोस हं."

मी घेतला. काकांनी बिल दोनदा तपासलं आणि पिशवीला रिबन बांधली. रिबन बांधायचा नियम नव्हता. शेजारचा मॅनेजर त्यांना तसं म्हणालाही. काका म्हणाले, "शी इज फॅमिली."

*

हा शेवटचा किस्सा मात्र मी पार्टीत सांगत नाही. हेमंत आणि शुभा जायच्या आठवड्यातला.

त्या मतदानाचा शनिवार झाला आणि सोमवारी दुपारी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून श्रीरंगला फोन केला होता. म्हटलं, "आपल्या बचतीतले काढ. धाकटी घे." तो म्हणाला, "परवा तर तू विरोधात हात वर केलास." मी म्हटलं, "तो क्लब होता." आम्ही घेतले. भाव चढला तेव्हा आणखी घेतले. मग त्यातले थोडे विकून घराच्या डाउन पेमेंटमध्ये घातले. हेमंतने स्वतः धाकटीचा एकही शेअर घेतला नव्हता. त्याच्या एका पगारातून उरायचे ते क्लबात जायचे, आणि क्लबाने मोठी ठेवली होती.

शुभा दुपारी एकटी आली. हातात कढीपत्त्याची कुंडी. विमानात नेता येत नाही, म्हणून मला द्यायला आणली होती. आमच्या नव्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर ती डायनिंग टेबलाशी उभी होती. टेबलावर ब्रोकरचं पाकीट फोडून ठेवलेलं होतं, आणि वरच स्टेटमेंट. त्यावर धाकटीचं नाव, आणि पहिल्यांदा घेतल्याची तारीख.

ते नाव शुभाने स्वतः कितीदा टाइप केलं होतं, ते मला माहीत होतं.

तिने कागदाला हात लावला नव्हता. नुसती वाकून वाचत होती. मी ट्रे हातात धरून उभी राहिले.

"त्याच सोमवारी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"घर छान आहे," ती म्हणाली. खिडकीजवळ गेली, कुंडी उचलून जिथे ऊन येत होतं तिथे नीट ठेवली. "याला रोज पाणी घालू नकोस. मुळं कुजतात. आणि थंडीत आत घे."

"शुभा, मी..."

"हेमंतला सांगू नकोस," ती म्हणाली. "तुला पटलं होतं म्हणून त्याला फार आनंद होईल."